शैले, चॉकलेट चालू ठेवलंय

शैले,

तुझ्या बाराव्याला लोक तुझ्याबद्दल जे बोलले, ते ऐकलं असतंस तर तू मला कोपराने ढोसलं असतंस. तुझ्या कामावरचे एक गृहस्थ म्हणाले, फार शांत बाई, कधी कुणाशी वाद नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी मान डोलावली. मी मागे सतरंजीवर बसले होते. मला हसू यायला लागलं म्हणून तोंडाला पदर लावला, आणि शेजारच्या बाईंना वाटलं मला रडू आवरत नाही. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, मग खरंच रडू आलं.

त्यांचं चुकलं नव्हतं म्हणा. मार्केटातल्या कांद्याच्या गाळ्यावर तू हिशेब लिहायचीस, तिथे दिवसभर सगळे एकमेकांवर ओरडत असतात. त्यात तू शांतच वाटत असणार. पण कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या एका हलत्या काट्यापायी तू माझ्याशी आठवडाभर बोलली नव्हतीस, हे त्यांना कुठे माहीत?

तेच मला लिहायचं आहे. तू कुठे जन्मलीस, काय शिकलीस, किती वर्षं नोकरी केलीस, ते सगळं तिथे सांगून झालं. आपले रविवार कुणी सांगितले नाहीत, कारण ते फक्त आपल्यालाच माहीत होते. आणि थोडेफार दाजींना, ज्यांना तू दुपारच्या झोपेतून उठवून कानाला हेडफोन लावायचीस. तुझ्या माहेरचे सगळे तुझ्या नवऱ्याला दाजी म्हणतात म्हणून मीही म्हणायला लागले, आणि त्या माणसाने ते निमूट मान्य केलं.

नेरूळच्या कॉलेजात आपण दोघी गॅदरिंगला गायचो. मग लग्नं, नोकऱ्या. मी शाळेत गणित शिकवायला लागले आणि गाणं सुटलं ते सुटलंच. कितीतरी वर्षांनी तू मला कामोठ्याला हळदीकुंकवाला बोलावलंस. वाण दिलंस आणि बाकीच्या बायका गेल्यावर हात धरून बेडरूममध्ये नेलंस. मोठं कपाट उघडं होतं, साड्या दोन्ही बाजूंना सारलेल्या, मधे माइक, कपड्यांत आवाज घुमत नाही म्हणून. तू मला आत उभं केलंस, दार अर्धं ओढून घेतलंस आणि बाहेरून म्हणालीस, "गा."

मी म्हटलं, काय गाऊ. तू म्हणालीस, काहीही गा, पण नाक शिंकरू नकोस, सगळं ऐकू येतं.

साड्यांना डांबरगोळ्यांचा वास येत होता. मी घाबरत घाबरत एक अभंग म्हटला. बाहेर आले तर तू तो परत लावलास. स्वतःचा आवाज इतका स्वच्छ मी कधी ऐकला नव्हता. मला आवडला. तुला आवडला नाही. धुतलेल्या स्टीलच्या ताटासारखा आहे, म्हणालीस. नुसता चकचकतोय.

तेव्हा तू मला पहिल्यांदा टेपबद्दल सांगितलंस. तुझे वडील साताऱ्याहून येऊन मार्केटात माथाडी झालेले. त्यांच्याकडे टेपरेकॉर्डर होता आणि गावाकडची माणसं जमली की ते भजन त्यात भरून घ्यायचे. ढोलकीवर जोरात थाप पडली की आवाज फुटायचा नाही, थोडा दबायचा आणि जाड व्हायचा. त्यालाच टेप सॅच्युरेशन म्हणतात, हे तुला मोठेपणी यूट्यूबवर कळलं. टेपवर जरा जास्त आवाज सोडला की ती त्याची टोकं हलकेच दाबते आणि त्याला भरीव करते. तेच काम आता कॉम्प्युटरमधले प्लगइन नावाचे छोटे प्रोग्राम करतात, आणि ते प्लगइन शंभर जण शंभर तऱ्हेने बनवतात.

मग आपले रविवार सुरू झाले. तू एकेकाची ट्रायल उतरवून घ्यायचीस आणि माझा अभंग त्यातून काढायचीस. नावं इंग्रजी आणि लांबलचक, म्हणून आपण त्यांचं बारसं केलं. तपकिरी रंगाचं, मधे काटा हलणारं, ते चॉकलेट. ज्याच्यात पडद्यावर टेपची दोन चाकं फिरायची ती चक्री. तिसरं करड्या रंगाचं, एकच बटण असलेलं, पैसे न मागणारं, ते फुकट्या.

चक्री दिसायला सगळ्यात छान होती. पण ती लावली की मागे हिस्स असा आवाज यायचा आणि सूर किंचित हेलकावायचा. मी पाण्याखाली गातेय असं मला वाटायचं. तू म्हणायचीस, खरी टेप अशीच असते. शिवाय चक्री चालू झाली की तुझ्या लॅपटॉपचा पंखा विमानासारखा घरघरायला लागायचा आणि दाजी बाहेरून विचारायचे, मिक्सर चालू आहे का. फुकट्या बिचारा निम्म्यापर्यंत बरा होता. त्यापुढे बटण फिरवलं की पापड तळल्यासारखं तडतडायचं. चॉकलेटवर मात्र तुझा जीव. खालचा आवाज उबदार करतं, वरची धार मारतं, त्यात टेपचा वेग सावकाश ठेवला तर तंबोरा भरून येतो, असं तू मला इतक्या वेळा सांगितलंस की मी नववीच्या वर्गात शिकवताना एकदा प्रमेयाऐवजी चॉकलेट म्हणाले.

मला फरक कळायचा नाही असं नाही. पण तुला जेवढा कळतो असं तू म्हणायचीस, तेवढा खरंच आहे का, याची मला शंका होती. मी गणिताची बाई. मी म्हटलं, चाचणी घेऊ.

त्याआधी तू वडिलांचा जुना टेपरेकॉर्डर माळ्यावरून काढलास, कारण तुझं म्हणणं, अस्सल काय ते आधी ऐकायला हवं. माझा अभंग त्यात भरलास. आतला पट्टा सैल झालेला. टेप परत लावली तर मी पुरुषाच्या आवाजात गात होते, तेही डुलक्या देत. दाजी दारात येऊन उभे राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, हे बुवा कोण. आपण दोघी पलंगावर पालथ्या पडून हसलो. तू डोळे पुसत म्हणालीस, बघ, ही खरी टेप.

मग चाचणी. एकच ओळ चार तऱ्हांनी काढली, तिन्ही प्लगइन लावून आणि एकदा काहीच न लावता. त्यांना अ, ब, क, ड म्हटलं. दाजींना पलंगावर बसवलं. त्यांना फक्त कुठलं आवडलं ते सांगायचं होतं. त्यांनी चॉकलेट उचललं. तू अशी काही उठलीस की जणू निवडणूक जिंकलीस.

मी म्हटलं, थांब, चॉकलेटचा आवाज बाकीच्यांपेक्षा मोठा आहे. आवाज मोठा केला की काहीही बरं वाटतं. तू म्हणालीस, अजिबात मोठा नाही. मी पडद्यावरचा आवाज मोजणारा मीटर दाखवला. तू मीटरवर विश्वास ठेवायला तयार नव्हतीस. शेवटी चारही आवाज मी मापाने एकसारखे केले आणि दाजींना पुन्हा ऐकवलं. या वेळी त्यांनी काहीच न लावलेलं निवडलं.

तू म्हणालीस, ट्रान्सपोर्टच्या धंद्यात राहून यांचे कान गेलेत. मग मी तुलाच बसवलं. तू डोळे मिटून ऐकलंस, क वर बोट ठेवलंस आणि म्हणालीस, हे चॉकलेट, झोपेतही ओळखेन.

ते फुकट्या निघालं.

त्या दिवशी तू मला चहासुद्धा न देता पाठवलंस. आठवडाभर मेसेज नाही, फोन नाही. मी शाळेत सारखी फोन बघत होते, हे तुला कधी सांगितलं नाही. तुझ्या त्या रविवारांच्या जोरावर माझा सगळा आठवडा चालायचा, हेही नाही सांगितलं. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, येडी आहेस का.

मग तुझा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही, थेट मुद्दा. "रंजू, गाणं चुकलं आपलं. तुझा आवाज मुळातच गोड आहे, त्याला टेप काय करणार? खरखरीत आवाज पाहिजे. धारदार. मग बघ चॉकलेट काय करतं ते."

असा आवाज आमच्याकडे होता. माझी मथुराआत्या शिरवणे गावची धवलारीण. आमच्या आगरी लग्नांत हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला धवले म्हणतात, ते म्हणणारी बाई. एके काळी तिचा आवाज गावाच्या या टोकाला लागला की त्या टोकाला कळायचं, नवरी हळदीला बसली. आता तिला दम लागतो. माझी भाची प्राजू, भावाची मुलगी, तिचं लग्न ठरलं होतं आणि आत्याने सांगून टाकलं होतं की मी येऊन बसेन, पण म्हणायला लावू नका. घरात सगळे म्हणाले, ठीक आहे, स्पीकरवर काहीतरी लावू. प्राजूला मात्र ते लागलं होतं. लहानपणापासून तिने ठरवलेलं होतं की आपल्या हळदीला आत्याआजीच म्हणणार.

मी तुला हे सांगितलं, तेव्हा तू चॉकलेट विसरलीस. तू विचारलंस, त्या कधी येऊ शकतील?

आत्याला मी रिक्षातून कामोठ्याला आणलं. तुझं घर तिला आवडलं, कपाट आवडलं नाही. आत डोकावून ती म्हणाली, "कपाटान बसून कदी गानी म्हनतात का? आनि नवरी नाय तं धवला म्हनू कोनाला?" मी तिला समजावायला लागले की नवरी नंतर येईल, आधी आवाज भरून घेऊ. ती पिशवी उचलून निघालीच होती.

तू उठलीस. माइक कपाटातून काढून खोलीच्या मधोमध आणलास, पलंगावरची गादी भिंतीला उभी केलीस, खाली पाट मांडलास आणि त्यावर जाऊन बसलीस. स्वयंपाकघरातून आणलेली हळदीची वाटी आत्यापुढे ठेवलीस आणि दोन्ही हात पुढे केलेस. पिकल्या केसांची नवरी. आत्या तुझ्याकडे बघत राहिली. मग ती खाली बसली, हळदीत पाणी घालून बोटाने कालवली, तुझ्या हातांना लावली आणि तिने आवाज लावला.

मी लॅपटॉपसमोर बसले होते, मला फक्त बटण दाबायचं होतं. खिडकी बंद, पंखा बंद, आपण तिघी घामाने निथळत होतो. आत्या मधेच थांबायची, दम घ्यायची, पुन्हा उचलायची. तिने तुझ्या गालाला हळद लावली, कपाळाला लावली. एवढा दम लागत असून ती संपूर्ण हळदीचा धवला म्हणाली. संपल्यावर तुझ्या तोंडावरून हात फिरवून तिने कानशिलावर बोटं मोडली. तू हळदीने माखलेली तशीच उठलीस आणि सगळ्यांसाठी चहा टाकलास.

त्यानंतर आपला शेवटचा वाद सुरू झाला. तुला आत्याच्या आवाजाला चॉकलेट लावायचं होतं. मला काहीच लावायचं नव्हतं. मी म्हणत होते, तिचा आवाज धारदार आहे तर धारदारच राहू दे, तू कोण तिला गुळगुळीत करणारी? तू म्हणत होतीस, मांडवातल्या स्पीकरवर ती धार कानात घुसेल आणि लोक आवाज कमी करायला सांगतील. शनिवारी फोनवर आपण यावर इतका वेळ बोललो की माझा भात लागला. शेवटी तू म्हणालीस, "मी तिला गुळगुळीत नाही करत गं. जवळ आणते. उद्या ये, दोन्ही ऐकू. तुझा तो मीटर लावून ऐकू."

रविवारी सकाळी मी निघायच्या तयारीत होते तेव्हा दाजींचा फोन आला. तुझ्या छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी तुझ्याकडे आले, फक्त वेगळ्या कामासाठी. त्या दिवसाबद्दल मी एवढंच लिहिणार आहे.

लॅपटॉप दाजींनी माझ्या हातात दिला. म्हणाले, मला यातलं काही कळत नाही, प्राजूच्या लग्नाचं तेवढं पूर्ण करा. मी तो घरी आणून टेबलावर ठेवला आणि बरेच दिवस त्याच्याभोवती फिरले. उघडला तेव्हा आत्याचं गाणं होतं तसंच होतं, आपण सोडलेलं. मी दोन प्रती काढल्या. एक नुसती, एक चॉकलेटमधून. दोन्हींचा आवाज मापाने एकसारखा केला, एका केसाचाही फरक ठेवला नाही. हे मी तुझ्याशी प्रामाणिक राहून केलं. मग आत्याला बोलावलं.

पहिली प्रत, नुसती, तिने मान हलवत ऐकली. संपल्यावर म्हणाली, चांगला हाय, पन म्हातारी झाली मी. दुसरी लावली. अर्ध्यात तिने हात वर केला. मला वाटलं नको म्हणतेय.

"थांब," ती म्हणाली. "नवरी हसली बग."

मी मागे नेऊन पुन्हा लावलं. आत्या दम घ्यायला थांबते, त्या फटीत तू हसली होतीस. अगदी बारीक, नाकातल्या नाकात, बहुधा गालाला हळद गार लागली म्हणून. तेव्हा माझं लक्ष पडद्याकडे होतं, मला कळलंच नव्हतं. नुसत्या प्रतीतही ते होतं, मी नंतर शोधलं, पण इतकं लांब की कुणाच्या लक्षात येऊ नये. चॉकलेटने आत्याची उंच टोकं दाबली, मग मी आवाज मापाला आणला आणि खालचं सगळं वर आलं. श्वास, पाटाची करकर, तू. यात जादू काही नाही, साधं गणित आहे. ते मी वर्गात समजावून सांगू शकेन. आत्याने माझा हात धरला आणि तिसऱ्यांदा लावायला सांगितलं.

तेव्हा चॉकलेट चालू ठेवलंय, शैले. तू जिंकलीस असं मी अजून म्हणत नाही. माझ्या अभंगाच्या बाबतीत दाजीच बरोबर होते. पण या गाण्याला ते लागत होतं आणि तू ते मोजमाप करायच्या आधी ओळखलं होतंस.

आता लग्नाचं सांगते. वर्षाच्या आत मंगलकार्याला यावं की नाही, या विचारात दाजी होते. आत्याने त्यांना स्वतः फोन केला. काय बोलली ते मला माहीत नाही, पण ते आले. इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या रांगेत, खुर्चीच्या कडेवर टेकले होते.

प्राजू पाटावर बसली. स्पीकरवाल्याला मी इशारा केला आणि मांडवभर आत्याचा आवाज लागला. आवाज कमी करा असं कुणी म्हटलं नाही, हे तुझ्या बाजूने नोंदवते. प्राजूने मान वळवून आत्याकडे बघितलं आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. ते तिने कुणाला पुसू दिलं नाही, कारण हळद जाईल.

पण दुसऱ्या ओळीला गावातल्या बायका स्पीकरबरोबर म्हणायला लागल्या. आधी दोघी, मग सगळ्याच. तिसऱ्या ओळीला खुद्द आत्या उठली. म्हणायला लावू नका म्हणणारी. ती आपल्याच आवाजाबरोबर गायला लागली आणि तिचं स्वतःशीच जमेना. रेकॉर्डमधली आत्या पुढे जायची आणि ही मागे राहायची. एकदा तर तिने स्पीकरकडे बघून हाताने खूण केली, बाई, जरा दम घे. सगळा मांडव हसला. तुझं चॉकलेट, माझा मीटर, आपले सगळे रविवारचे वाद त्या चाळीसएक बायकांच्या आवाजाखाली पार गडप झाले. पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही. मला इतका आनंद झाला की मी पण जाऊन त्यांच्यात उभी राहिले आणि गायले. कपाटाबाहेर, लोकांसमोर. कॉलेजनंतर पहिल्यांदा. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले होते, ते इथे मानते.

जेवणं चालू असताना स्पीकरवाला माझ्याकडे आला. टक्कल पडलेला, अनुभवी माणूस, आसपासच्या सगळ्या गावांत त्याचीच सिस्टिम असते. त्याने विचारलं, मॅडम, तो धवला कुठल्या स्टुडिओत केला? आवाज लय भारी बसला.

मी उत्तर जुळवत होते. कसं सांगायचं, कुठून सुरुवात करायची. तेवढ्यात माझ्या मागून दाजी बोलले. त्यांच्या हातात जेवणाची प्लेट होती आणि त्यांनी ती खालीही ठेवली नाही.

"कामोठ्याला आहे," ते म्हणाले. "माझ्या बायकोचा स्टुडिओ."

त्याने नंबर मागितला. दाजींनी तुझा नंबर दिला. तो फोन ते अजून रोज चार्ज करतात, हे मला तेव्हा कळलं.

परवा त्या नंबरवर एका भजनी मंडळाचा फोन आला. पाच जण आहेत, पखवाज आहे, एक पद भरून घ्यायचं आहे, कधी येऊ. दाजींनी त्यांना थांबायला सांगितलं आणि मला फोन लावला. त्यांना काय सांगू, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, रविवारी बोलवा.